खोबऱ्या आंबा डावीकडे सरकतो

मे महिन्यात आमच्या अंगणात चालायला वाट उरत नसे. एका बाजेवर आईच्या कुरडया, दुसऱ्या बाजेवर काकीचे सांडगे, मधे जुन्या लुगड्यावर तांदळाच्या पापड्या, आणि या सगळ्यावर राखण करायला हातात एकेक काठी घेऊन बसलेल्या मी आणि शालन. शालन माझी चुलत बहीण, माझ्याच वयाची. तेव्हा आम्ही पंधरा-सोळा वर्षांच्या असू. सोऱ्याची किरकिर, चिकाच्या पातेल्यात फिरणाऱ्या दांड्याचा धपधप आवाज, मधूनच एखाद्या कोंबडीवर ओरडणं, असा आमचा दिवस जायचा. पापडी अर्धी वाळली की मऊसर चिवट लागते, तशी खायला आम्हाला फार आवडायची. कोंबड्यांनी जेवढं नेलं नसेल त्याच्या कितीतरी पट राखणदारांनीच संपवलं, हे आईला आणि काकीला पुरतं माहीत होतं. आता मी भूगावला पाचव्या मजल्यावर राहते. बाल्कनीत कुरडया घातल्या की कबुतरं येतात, आणि काठी घेऊन बसायला माझ्याशिवाय कुणी नसतं.

घर तेव्हा नुकतंच दोन झालं होतं. माझ्या वडिलांना सगळे दादा म्हणत, आम्हीही तेच म्हणायचो. आप्पा त्यांचे धाकटे भाऊ, शालनचे वडील. भांडण असं झालंच नव्हतं. दोन्हीकडे माणसं वाढली, एका चुलीवर भागेना, म्हणून वाटणी झाली आणि माजघरात विटांची भिंत उभी राहिली. तिला गिलावा करायचा राहूनच गेला होता. ती भिंत वरपर्यंत पोचतही नव्हती, त्यामुळे पलीकडे काकीनं मिरचीची फोडणी दिली की अलीकडे दादांना ठसका लागायचा, आणि ठसका ऐकून काकी तिकडून हसायची. शेतही दोन झालं. मधे नवा बांध पडला. डावीकडची भातखाचरं आमची, उजवीकडची आप्पांची. त्या बांधावर, बरोबर मधोमध, खोबऱ्या आंबा उभा होता. पिकला तरी त्याचा गर पांढुरका राहायचा आणि खाताना ओल्या खोबऱ्याची आठवण व्हायची, म्हणून त्याचं नाव खोबऱ्या. झाडाची वाटणी करता येईना, म्हणून ते दोघांचं राहिलं. दरवर्षी एक दिवस ठरवून दोन्ही घरांनी मिळून आंबे उतरवायचे आणि निम्मे निम्मे न्यायचे, असं ठरलं होतं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे बाई आल्या. माझी आत्या पुण्यात दिलेली. तिच्या शेजारी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सुमतीबाई राहायच्या. सुट्टीत कुठंतरी मोकळ्यावर बसून चित्रं काढायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती, पण एकट्या बाईमाणसानं राहायचं कुठं हा प्रश्न होता. आत्यानं शब्द टाकला आणि दादांनी ओटीवरची खोली झाडून घेतली. बाई पौड रस्त्यावर एस्टीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर पुरुषी गवती हॅट होती आणि काखेत चादरीत गुंडाळलेली मोठी फळी. दादांनी फळी घेतली, हातात तोलून पाहिली आणि घरी आल्यावर आईला हळूच म्हणाले, "बाईंनी सोताचा पोळपाट आनलाय वाटतं." आईचा चेहरा उतरला. पुण्याची बाई, हिला आपल्या घरचं चालणार नाही, असं तिनं धरलंच. पहिल्या दिवशी तिनं त्यांच्यासाठी वेगळं वरण आणि आंबेमोहराचा भात केला, आणि आमच्यासाठी तांदळाची भाकरी न् सुकटीची चटणी. बाई जेवायला बसल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मला का नाही वाढलं?" त्या दिवशी त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. आई रात्रभर खुशीत होती. "खानारी बाई हाय," एवढंच तिनं काकीला भिंतीवरून सांगितलं, आणि काकीनं दुसऱ्या दिवशी वाटीभर करवंदाचं लोणचं पाठवलं.

तो पोळपाट नव्हता हे दुसऱ्या सकाळी कळलं. बाईंनी एक जाड पांढरा कागद आमच्या घमेल्यात बुडवला, तो भिजल्यावर अलगद उचलून त्या फळीवर पसरला आणि चारही कडांना डिंकाच्या पट्ट्या चिकटवल्या. आई कुरडईचा चीक ढवळता ढवळता बघत होती. "कागदाला आंगूळ घातली," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "आधी घातली नाही तर रंग लावल्यावर तो फुगतो, पोपडे आल्यासारखा दिसतो. आता वाळेल तसा ताणला जाईल, तबल्यासारखा." आणि खरंच, दुपारी मी बोटानं टिचकी मारून पाहिली तर कागद वाजला.

माझं काम पाण्याचं. आमच्या खळ्याजवळ जांभळाच्या सावलीत एक मोठा धोंडा होता, त्यावर बाई बसायच्या. समोर उतार, उताराखाली दोन्ही घरांची खाचरं, मधे बांध आणि खोबऱ्या, पाठीमागे डोंगर. मी विहिरीचं पाणी दोन डब्यांत आणायचे. एक कुंचले धुवायला, एक रंगात घ्यायला. दुसऱ्या डब्यात चुकूनही मळका कुंचला बुडवायचा नाही हा कडक नियम. त्या आधी नुसत्या पाण्यानं आभाळाची जागा ओली करायच्या, मग निळ्या रंगानं भरलेलं कुंचल्याचं टोक एकदाच वरच्या कडेला टेकवायच्या, आणि तो रंग आपणहून चालायला लागायचा. ओल्यातून खाली पसरायचा, फिका होत जायचा, डोंगराच्या जागेपाशी येईतो जवळजवळ नाहीसा व्हायचा. बाई फळी हातात धरून कधी इकडे, कधी तिकडे कलवायच्या. कागद जरा सुकला, पण पुरता नाही, की लांबचा डोंगर. त्याची कड त्यामुळे मऊ यायची, धुरकट, खरोखर लांब असल्यासारखी. जवळचं झाड मात्र कागद खडखडीत वाळल्यावर, म्हणजे पानांच्या कडा धारदार. मे महिन्यात आमच्याकडे सगळं इतक्या झपाट्यानं वाळायचं की बाई चिडायच्या. "तुमच्या कुरडयांना सोयीचं आहे हे ऊन, मला नाही," म्हणायच्या आणि भराभर हात चालवायच्या. चुकलं तर पुसता येत नव्हतं. कितीतरी चित्रं त्यांनी निम्म्यात सोडली. आईला तेवढा चांगला कागद वाया गेलेला बघवेना. तिनं ते गोळा करून तांदळाच्या डब्यांत तळाला घातले. आमचे सगळे तांदूळ त्या वर्षी डोंगरांवर आणि ढगांवर बसले होते.

दुसरी गोष्ट पुठ्ठ्याची. वहीच्या पुठ्ठ्याला मधे आडवी चौकोनी खिडकी कापलेली होती. ती डोळ्यासमोर धरून बाई कितीतरी वेळ नुसत्या बघायच्या. मग एकदा मला दिली. मी पाहिलं तर समोर रोजचंच सगळं. "बघताना काय करायचं?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "डोळा कुठून आत शिरतो ते बघ. मग कुठं जातो, कुठं थांबतो, कुठं अडकतो. पाहुणा घरात आल्यासारखा. त्याला दारातच धडपडायला लावायचं नाही, आणि आल्या आल्या पाटावर बसवून कोंडूनही ठेवायचं नाही. जरा घर हिंडू द्यायचं." मी दिवसभर ती खिडकी घेऊन हिंडले. आईला त्यातून पाहिलं, म्हशीला पाहिलं. खिडकी वर केली तर म्हैस चित्रातून घसरून पडल्यासारखी वाटायची, खाली केली तर तिची शिंगं वरच्या कडेला टेकायची आणि पायांखाली नुसती माती. एक बोटभर इकडे तिकडे झालं की सगळं बदलतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. माझी नात हिंजवडीतल्या आपल्या ऑफिसच्या इमारतीचे फोटो काढते आणि मग बोटानं कडा आत ओढत बसते. मी शेजारून म्हणते, उजवीकडून अजून काप. ती म्हणते, आजी, तुला कसं कळतं. आता तिला पुठ्ठ्याची गोष्ट कुठून सांगायची म्हणून मी गप्प बसते, आणि म्हणूनच हे लिहायला घेतलं.

खोबऱ्याचं चित्र बाईंना पुष्कळ प्रयत्नांनी एकदाचं साधलं. त्यांनी ते आईला दिलं आणि दादांनी ओसरीवर खिळा ठोकून टांगलं. ओसरी दोन्ही घरांची सामाईक होती. त्यामुळे जो आला तो थांबू लागला. पाटलाच्या म्हातारीनं नाक चित्राला लावून पाहिलं आणि म्हणाली, "डोंगर निळा कसा गं? आपला तर वाळल्या गवताचा हाय." दूध घालायला येणारा म्हणाला, "म्हस कुटं न्हाई काढली?" बाई सगळ्यांना हसून उत्तर द्यायच्या. दादा मात्र चित्रापुढून हलेनात. त्यांना एक गोष्ट दिसली होती. चित्रात खोबऱ्या मधोमध नव्हता. तो चांगला डावीकडे होता. म्हणजे आमच्या खाचरात.

"बाईंची नदर बरुबर हाय," दादा मिशीत हसत म्हणाले. "पयल्यापासून आपल्याकडंच कलतंय ते झाड."

ते नेमकं आप्पांच्या कानावर गेलं. आप्पा त्या संध्याकाळी शेतातून आले, पायरीवर पाय धुतले आणि चित्रापुढे उभे राहिले. उभे राहिले ते बराच वेळ. मग म्हणाले, "आंबा तुमच्यात काढलाय की." दादा म्हणाले, "मी न्हाई काढला. बाईंनी काढलाय." आप्पा तडक आत गेले. दुसऱ्या दिवशी काकीची बाज अंगणातून उचलली आणि मागच्या दाराला गेली. शालनला आमच्याकडे यायची बंदी झाली. भिंतीपलीकडून फोडणीचा वास यायचा, दादांना ठसका लागायचा, पण हसणं येत नव्हतं. आंबे उतरवायचे दिवस तोंडावर आले होते. झाडावरच पिकलेला पाड खाली पडायला लागला होता. आणि आप्पांनी गावात सांगितलं, की आता मोजणी आणतो, बांध कुठाय ते सरकारच सांगेल.

मोजणी म्हणजे काय ते आम्हा पोरींनाही कळत होतं. ज्या घरांत मोजणी आली त्या घरांतले भाऊ एकमेकांच्या लग्नाकार्याला गेले नाहीत, हे आम्ही पाहिलं होतं. आईनं दोन दिवस वाट पाहिली आणि मग दादांना बाईंकडे ढकललं. दादा ओटीवर जाऊन उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली. "बाई, तेवढं झाड जरा हिकडं सरकवता का? मधी घ्या."

बाई आधी हसल्या. दादा हसत नाहीत असं पाहून थांबल्या. "या रंगात सरकवता येत नाही. एकदा बसला तो बसला."

"मग दुसरं काढा."

"मी नकाशे काढत नाही. नकाशा हवा असेल तर मोजणीवाल्याला बोलवा."

"त्येच तर तो करतोय," दादा म्हणाले.

तेव्हा कुठं बाईंना सगळं प्रकरण कळलं. त्या खाली बसल्या. त्यांच्या चित्रावरून कुणी कधी भांडलं नव्हतं, शाळेतल्या मुख्याध्यापिकाही नाही. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्यांनी नवा कागद ताणला आणि जसं आहे तसं चित्र काढलं. झाड मधोमध, बांध मधोमध, डावीकडे आमचं, उजवीकडे त्यांचं, अगदी तोलून मापून. चित्र ओसरीवर पहिल्याच्या शेजारी ठेवलं. बाईंनी मला विचारलं, "सांग, डोळा कुठं जातो?"

"झाडावर."

"मग?"

"तितंच ऱ्हातो."

"मग?"

मला हसू आलं. "मग कंटाळतो. फोटोला उभं केल्यावानी दिसतंय झाड."

बाई म्हणाल्या, "बरोबर. पण सध्या आपल्याला न्याय पाहिजे, सौंदर्य नको." दादांनी ते नवं चित्र भिंतीवरून वर धरून आप्पांना दाखवलं. आप्पांनी पाहिलं असावं, कारण जरा वेळानं पलीकडून आवाज आला, "आता बदललं म्हंजी पयलं मुद्दाम काढलं व्हतं." आणि न्यायही हातचा गेला.

त्या दुपारी घरात सगळे झोपले होते. मी ओसरीवर एकटीच बसले होते, शालन नाही म्हणून राखणीत जीव लागत नव्हता. समोर दोन्ही चित्रं होती. मी उगाच पहिल्या चित्रात बोट फिरवायला लागले, कागदाला न लावता, नुसतं हवेत. डोळा उजवीकडून खालून आत शिरत होता, गाडीवाटेनं. वाटेवरून खोबऱ्याच्या सावलीत जायचा, तिथून बुंध्यावरून वर, मग एका आडव्या फांदीवरून पार पलीकडे, जिथं भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचा निळसर धूर चढत होता. धूर डोंगराच्या खिंडीकडे वळला होता, तसा डोळाही वळायचा आणि आभाळातून फिरून पुन्हा वाटेवर यायचा. कितीदा गेले तरी अडकले नाही. मग तेच बोट दुसऱ्या चित्रात फिरवलं, तर दर वेळी मधल्या सरळ रेघेशी येऊन थांबायचं. रेघ म्हणजे बांध. मी परत पहिल्या चित्राकडे पाहिलं. तिथं बोट थांबत का नाही ते शोधायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, की त्या चित्रात बांधच नाही. दोन्हीकडच्या वाळलेल्या गवताचे कोरड्या कुंचल्यानं मारलेले खरखरीत फटकारे मधे एकमेकांत मिसळले होते. दोन खाचरं नव्हतीच. एकच मोठं रान होतं.

मी ओटीवर जाऊन बाईंना हलवलं. "बाई, बांध कुठं गेला?"

"कसला बांध?" त्या झोपेतच म्हणाल्या. मी सांगितलं तेव्हा डोळे चोळत उठल्या. "ती सरळ रेघ होय. ती चित्राचे दोन तुकडे करत होती, म्हणून गवताखाली घेतली. का?"

मी उत्तर द्यायला थांबले नाही. बंदी शालनला होती, मला कुणी घातली नव्हती, असं मनाशी म्हणत मी आप्पांच्या गोठ्यात गेले. आप्पा बैलाच्या खुराला तेल लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मी म्हणाले, "आप्पा, चित्रात बांध न्हाई."

"काय न्हाई?"

"बांध. झाड आमच्या खाचरात हाय म्हनता, पन आमचं खाचर तितं कुटंय? तुमचं तरी कुटंय?"

आप्पांनी तेलाची वाटी खाली ठेवली. माणूस तापट होता, पण पडताळा घेतल्याशिवाय राग धरायचा नाही, आणि पडताळा आल्यावर सोडायचाही नाही, असा त्यांचा स्वभाव. ते माझ्यामागून ओसरीवर आले. तोवर बाईंनी दादांना उठवलं होतं. दोघे भाऊ चित्रापुढे शेजारी शेजारी उभे राहिले, बऱ्याच दिवसांनी.

"ह्यो हितं आसंल बांध," दादा बोट दाखवून म्हणाले.

"तितं कसा आसंल? तितं तर वाट हाय. हितं म्हन."

"हितं तर सावली हाय."

"सावलीखाली काय हाय?"

"गवात."

असं बराच वेळ चाललं. दोघांनी चित्रातला इंच अन् इंच शोधला, पण बांध सापडला नाही. आतून आई आणि भिंतीपलीकडून काकी कान देऊन ऐकत होत्या. शेवटी आप्पा बाईंकडे वळले. "बांध न्हाई ते मानलं. पर झाड हलवलंच ना तुमी. ते का?"

बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी खळ्यावर या. तुम्हीच सांगा कुठं ठेवायचं ते."

सकाळी आम्ही सगळे खळ्यावर जमलो. शालनही आली, तिला कुणी अडवलं नाही. बाईंनी आप्पांना धोंड्यावर बसवलं आणि पुठ्ठ्याची खिडकी हातात दिली. आप्पांनी एक डोळा मिटला. आधी झाड बरोबर मधे धरलं. धरून ठेवलं. मग हात आपोआप जरा उजवीकडे गेला, परत आला, परत गेला. "हे मधी आलं की पलीकडचं काय दिसंना," ते पुटपुटले. खिडकी आणखी उजवीकडे सरकली, तसं झाड डावीकडे गेलं आणि डोंगराची खिंड मोकळी झाली. आप्पांचा हात थांबला. मग त्यांनी खिडकी किंचित वर केली.

"वर का केलीत?" बाईंनी विचारलं.

"खाली माझा गोठा येतोय. नवा पत्रा चमाकतोय, नदर तितंच जातीया. ऱ्हाऊ द्या त्याला भाईर."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या वर्गात वर्षवर्ष बसून मुलींना जे सुचत नव्हतं ते आप्पांना सकाळच्या उन्हात एका धोंड्यावर बसून सुचलं होतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र त्या साधेपणानं म्हणाल्या, "मग आता झाड कुणाकडं गेलं?"

आप्पांनी खिडकीतून पुन्हा पाहिलं. झाड डावीकडे होतं, स्वतःच्या हातानं नेलेलं. त्यांनी खिडकी खाली केली, दादांकडे पाहिलं आणि खूप प्रयत्न करूनही त्यांना हसू आवरेना. "माझ्या हातनंच गेलं की रं," ते म्हणाले. दादा म्हणाले, "जाऊ दे. तुजा गोठा तर भाईरच ऱ्हायला." मग दोघेही हसले. मोजणीचं नाव पुन्हा निघालं नाही.

आंबे लगेचच उतरवले. दादा वर चढले, आप्पा खालून झेल्याची जाळी धरून सांगत राहिले, हितली फांदी, न्हाई, त्याच्या मागची, आणि दादा वरून ओरडत राहिले की मला डोळं हायेत. आई आणि काकी पाड वेचत होत्या, मी आणि शालन टोपल्या ओढत होतो. निम्मे निम्मे मोजायला बसल्यावर दोघांत पुन्हा लागली, एक आंबा डागी आहे की नाही यावरून, पण ती नेहमीची. काकीची बाज संध्याकाळी अंगणात परत आली. पुढे आयुष्यभर ते दोघे भाऊ कशावरून तरी भांडत राहिले, पाण्याच्या पाळीवरून, नांगरावरून, माझ्या लग्नातल्या मांडवावरूनसुद्धा. पण त्या भांडणांत कुणी सरकारला बोलावलं नाही. मी चित्रकार झाले नाही. पौडला प्राथमिक शाळेत शिकवलं, घर केलं. ते चित्र आता शालनकडे आहे. मी तिच्याकडे गेले की आम्ही चहा घेऊन त्याच्यासमोर बसतो, आणि अजूनही माझा डोळा त्या गाडीवाटेनंच आत शिरतो.

बाईंचा जायचा दिवस आला. आईनं त्यांच्याबरोबर कुरडया, तांदूळ आणि आढीतले पहिले आंबे बांधून दिले. दादा फळी घेऊन पुढे झाले. बाई ओसरीवर चप्पल घालत होत्या तेव्हा आई चित्रापाशी उभी होती. एवढं सगळं रामायण झालं, गावानं मतं दिली, भावांनी बोटं घातली, पण आईनं त्या चित्राबद्दल एक शब्द काढला नव्हता. ती जाता येता नुसती बघायची, हातात परात असो की शेणाची पाटी. आता ती संकोचून म्हणाली, "बाई, एक इचारू का?"

"विचारा की."

"ह्या वाटंवर ऊन लई झ्याक पडलंय. डोळं दिपत्यात. मी किती दिवस बघतीया, पर त्या उन्हाचा रंग कंचा ते कळंना. पिवळा म्हनावं तर न्हाई. पांढरा तुमच्या डब्यात मी बघितला न्हाई."

बाई चप्पल तशीच टाकून आईजवळ आल्या. मला वाटतं, सबंध सुट्टीत त्यांना कुणी विचारलेला हा सर्वांत चांगला प्रश्न असावा. त्या म्हणाल्या, "तिथं रंग नाहीच. तो नुसता कागद आहे. तेवढी जागा मी शेवटपर्यंत कोरडी राखली, थेंब पडू दिला नाही. आजूबाजूला सावल्या भरल्या म्हणून ते ऊन दिसतं."

आईनं पुढे वाकून पाहिलं. बोट लावू का असं बाईंना डोळ्यांनीच विचारलं, आणि बाईंनी मान हलवल्यावर त्या वाटेवरून बोट हलकेच फिरवलं. कागदाचा खरखरीतपणा तिला लागला असणार.

"म्हंजी जितं तुमी हात लावला न्हाई, तितं ऊन पडलं."

"हो."

आईनं बोट मागे घेतलं. मग अंगणाकडे वळून, रस्त्याला लागलेल्या दादांना आणि त्यांच्या हातातली फळी काढून घ्यायला मागून निघालेल्या आप्पांना बघत म्हणाली, "हे जरा आमच्या गड्यांना सांगून जावा." बाई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं, आणि त्या दिवशीची एस्टी चुकली. आईनं मुकाट्यानं आत जाऊन पुन्हा भाकरीचं पीठ मळायला घेतलं.